साहेबांच्या कार्डाचा कोपरा

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, नोकरी लागली, आता व्हिजिटिंग कार्डं छापून घेऊ का?" मी तोंड उघडायच्या आत थोरली मध्ये पडली, "छे, आता कार्ड कोण ठेवतं? फोनला फोन लावायचा, झालं." आणि तुम्ही दोघांनी आपापले फोन एकमेकांना टेकवून दाखवलेत. टिंग असा आवाज आला. तुम्ही हसलात. मीही हसले, कारण कॅमेऱ्यासमोर न हसणारी आजी लगेच आजारी ठरते.

पण प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. ते लिहूनच देते. बोलताना तुम्ही "आजी, आवाज अडकतोय" म्हणता. लिहिलेलं अडकत नाही. दुसरं कारण असं की पुढच्या महिन्यात तुमची आई माझे खण आवरायला दिल्लीला येणार आहे. तिच्या आवरण्यात फेकण्याचा भाग फार असतो. तिसऱ्या खणात, डाव्या बाजूला, बिस्किटांच्या जुन्या टिनच्या डब्यात एक कार्ड आहे. ते का फेकायचं नाही, हे निदान तुम्हा दोघांना ठाऊक असावं.

मी नोकरी करत होते ते कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गावर होतं, एका मंत्रालयाचं संलग्न कार्यालय. तिथे काय काम चालतं, असं कुणी विचारलं तर आम्ही "समन्वय" असं सांगत असू. त्यावर पुढचा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. मी तिथल्या एका मोठ्या साहेबांची पी.ए. होते. साहेब मराठी, मीही मराठी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शॉर्टहँड येणारी, म्हणून त्यांनी मला मागून घेतलं होतं. फक्त मी तात्पुरती होते. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा, आणि तो येईपर्यंतचा आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसत असे.

त्या वर्षी खेकसायला जास्तच कारण होतं. तुमच्या आजोबांच्या खात्यात बदल्यांचं वारं होतं आणि त्यांचं नाव गुवाहाटीच्या यादीत असल्याचं कळलं होतं. आर. के. पुरममधलं आमचं सरकारी घर त्यांच्या नावावर. ते गेले की घर रिकामं करायचं. तुमची आई तेव्हा आठवीत होती आणि तोवर तिच्या चार शाळा होऊन गेल्या होत्या. पाचव्या शाळेचं नाव काढलं की ती जेवायची थांबायची. नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील आणि बायको कायम असेल, तर घर बायकोच्या नावावर करून घेता येत असे. बायको तात्पुरती असेल, तर तिने सामान बांधायचं. म्हणजे आमचं दिल्लीतलं घर आणि तुमच्या आईची शाळा एका शब्दावर टेकली होती: कायम. आणि मला कायम करण्याची शिफारस साहेबांनी करायची होती.

आता साहेबांबद्दल. साहेब एकदा सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी विलायतेला जाऊन आले होते. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: एक लांब दांड्याची छत्री आणि व्हिजिटिंग कार्डांचं शास्त्र. छत्री दिल्लीत फारशी लागली नाही. शास्त्र मात्र आम्हाला रोज लागत असे. ते कनिष्ठ अधिकाऱ्यांना समोर उभं करून शिकवत. कार्ड बसल्या जागेवरून देऊ नये, उभं राहून द्यावं. नाव समोरच्याकडे वळलेलं असावं. घेतलेलं कार्ड निदान तीन सेकंद वाचावं, मगच खिशात घालावं. खिसा कोटाचा, आतला. पँटच्या मागच्या खिशात कधीही नाही, "कारण मग तुम्ही त्या माणसावर बसता."

एकदा एका सेक्शन ऑफिसरने विचारलं, "सर, कार्ड एका सेकंदात वाचून होतं. उरलेले दोन सेकंद काय करायचं?"

साहेब म्हणाले, "परत वाचायचं."

तो बिचारा आठवडाभर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून कार्डं वाचायचा सराव करत होता. एरवी फाइल वाचताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

"कार्ड म्हणजे माणूस" हे साहेबांचं ठरलेलं वाक्य. त्या न्यायाने आमच्या कार्यालयात माणसं फार थोडी होती, कारण कार्डं फक्त वरच्या अधिकाऱ्यांना मिळत. मला कार्ड नव्हतं. साहेबांची कार्डं छापून आणायचं काम मात्र माझं होतं. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांवर एक छापखाना होता, तिथे मी स्वतः जाऊन पाहून यायची. कागद जाड, हस्तिदंती रंगाचा. अक्षरं अशी उठावाची, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी हुद्दा समजावा. साहेबांना तशीच लागत.

पण मुलांनो, विलायतेत कार्ड ओळख करून द्यायला वापरतात. दिल्लीत ते कामं करून घ्यायला वापरत. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आपल्या राज्याचं अतिथिगृह होतं. गावाकडची माणसं सकाळी तिथे उतरायची, अंघोळ करून पोहे खायची आणि साडेदहाला आमच्या दारात उभी राहायची. कुणाला बदली हवी, कुणाला मुलाला वसतिगृहात जागा, कुणाचं पेन्शन अडकलेलं. साहेब सगळ्यांना भेटत. "या, या! आपली माणसं!" असं म्हणत उठून उभे राहत. चहा मागवत. कुठलं गाव, कुणाचे कोण, पाऊस कसा झाला, सगळं विचारत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि ही आपली थोरवी आहे, असं त्यांना वाटत असे.

मग ते खणातून कार्ड काढत. मागच्या कोऱ्या बाजूवर ज्या अधिकाऱ्याकडे काम असेल त्याचं नाव लिहीत आणि खाली इंग्रजीत एक ओळ: हे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, कृपया मदत करावी. खाली आद्याक्षरं. समोरच्या माणसाचे डोळे तिथेच भरून यायचे. साहेब घंटी वाजवत आणि कार्ड माझ्या हातात देत. "बाई, एवढं लिफाफ्यात घालून द्या यांना."

त्या कार्डांच्या बाबतीत एक गोष्ट मला खटकायची. बहुतेकांचा उजवीकडचा वरचा कोपरा दुमडलेला असायचा. जाड कागद दुमडला की 'चट्' असा बारीक आवाज होतो. साहेब बोलता बोलता अंगठ्याने तो चट् करत. मी समजले, हाताची सवय. कुणी पेन चावतं, कुणी गुडघा हलवतं, हे कोपरा मोडतात. पण ज्या माणसाने खिशांवर व्याख्यानं दिली त्याचं कार्ड दुमडलेल्या अवस्थेत बाहेर जावं, हे मला बघवत नसे. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. तुमच्या आईच्या मते तो आजार आहे.

मी बाहेर येऊन नखाने तो कोपरा सरळ करायची. मग माझ्या टेबलावरच्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात ते कार्ड घालून वर पेपरवेट ठेवायची. पाहुण्याचा चहा संपेपर्यंत कार्ड सपाट होत असे. नीट पाहिलं तर एक पुसटशी रेघ दिसायची, पण कोण इतकं नीट पाहतं? लिफाफ्यात घालायची, वर स्वच्छ अक्षरात नाव टाइप करायची आणि द्यायची. सात-आठ महिने हे असंच चाललं होतं. आपण एक लहानसं काम नीट करतो आहोत, याचं मला समाधान होतं.

एके दिवशी लातूरकडचे एक शिक्षक पेढ्यांचा पुडा घेऊन आले. महिन्यापूर्वी मुलाच्या वसतिगृहासाठी कार्ड घेऊन गेले होते. मी त्यांना आत सोडलं आणि डिक्टेशनची वही घेऊन मागे उभी राहिले.

"साहेब, काम झालं!" असं म्हणत ते जवळजवळ वाकलेच. "कार्ड दाखवलं आणि पंधरा मिनिटांत झालं. ते अधिकारी म्हणाले, तुमच्या साहेबांचा शब्द म्हणजे विषय संपला."

साहेबांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. त्यांचा चेहरा मात्र चुकीच्या घरात चहाला बोलावल्यासारखा झाला. "झालं?" ते म्हणाले. "खरंच झालं?"

"अहो, मुलगा राहायलासुद्धा गेला!"

"कार्ड... तुम्ही तेच दाखवलंत ना? मी दिलेलं?"

"तेच की. बाईंनी लिफाफ्यात घालून दिलेलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेढा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिले.

त्या महिन्यात आणखी पेढे आले. एकाने चिवडा आणला, एकीने गूळ. अतिथिगृहात बोलबाला झाला की दिल्लीत एकच माणूस आहे, ज्याच्या कार्डाने काम होतंच. साडेदहाला असणारी चार माणसं चौदा झाली. साहेब हसून सगळ्यांना "आपली माणसं" म्हणत राहिले, फक्त आता त्यांचा अंगठा जरा जोरात चालू लागला. कोपरे दोनदा दुमडलेले यायला लागले. मग मीही शब्दकोशावर दुसरा पेपरवेट ठेवायला लागले.

शेवटी त्यांनी मला आत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"बाई, मी कार्डं देतो, ती तुम्ही तशीच पुढे देता ना?"

"हो सर. नीट करून."

"नीट करून म्हणजे?"

"कोपरे दुमडलेले असतात ना, ते सरळ करून देते. शब्दकोशात ठेवून."

साहेबांनी डोळे मिटले. मी स्पष्टीकरणादाखल म्हणाले, "आपणच म्हणता ना सर, कार्ड म्हणजे माणूस. आपलं कार्ड असं चुरगळलेलं जाणं बरं दिसत नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण इतकं नीट करायची गरज नाही, बाई."

"गरज नसली तरी मला वेळ असतो, सर."

त्यांनी नुसता हात हलवला आणि मी बाहेर आले. आपल्या कामसूपणाचं कौतुक झालं, असं मी घरी जाऊन सांगितलं. आजोबा म्हणाले, "कौतुक दार लावून करत नाहीत." मी त्यांना भाजी निवडायला बसवलं.

खुलासा झाला तो आमच्या हिरवळीवर. थंडीत दिल्लीच्या कार्यालयांतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत उन्हात बसतात, हे तुम्ही पाहिलेलं नाही. विणकाम, शेंगदाणे, संत्री आणि साहेब लोकांच्या गोष्टी. समोरच्या इमारतीतल्या एका अधिकाऱ्याची पी.ए. तिथे माझ्याशेजारी बसायची. पंजाबी, ऐसपैस, आणि स्वेटरचे टाके न पाहता घालणारी. आमच्या साहेबांची निम्मी कार्डं तिच्या साहेबांकडे जात.

"बहनजी, आपके साहब बड़े दिलवाले हैं," ती संत्रं सोलत म्हणाली. "एक भी कोना नहीं मोड़ते. हमारे साहब तो परेशान हो गए."

"कोना?" मी विचारलं.

तिने सोलणं थांबवलं. "अरे, आपको नहीं मालूम? इतने दिन से पी.ए. हो!" आणि तिने मला दिल्लीचं खरं कार्डशास्त्र शिकवलं. कोपरा सरळ, म्हणजे काम करा. कोपरा मुड़ा हुआ, म्हणजे बिठाओ, चाय पिलाओ, 'देखेंगे' बोलो और चलता करो. दोन इमारतींतले सगळे साहेब हे पाळत. देणाऱ्याला नाही म्हणावं लागत नाही, घेणाऱ्याला करावं लागत नाही, आणि मधला माणूस दोघांचे आभार मानत गावी परत जातो.

माझ्या घशात शेंगदाणा अडकला. तिने पाठीवर थापट्या मारल्या. मी तिला शब्दकोशाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती इतकी हसली की संत्र्याच्या फोडी गवतात पडल्या. "हाय रब्बा! मतलब आठ महीने से सब का काम आप करवा रही हो!"

मला हसू आलं नाही. आधी आठवले ते लातूरच्या शिक्षकांचे भरलेले डोळे. ज्या कार्डाला त्यांनी कपाळ लावलं होतं, त्यावर साहेबांनी त्यांच्यासमोरच, चहाचा घोट घेत, चट् केलं होतं. आणि दुसरी गोष्ट कळली ती साहेबांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांची. ते मला रागावू शकत नव्हते. काय म्हणून रागावणार? तुम्ही माझ्या लबाडीचा कोपरा सरळ केलात, असा मेमो टाइप करायला त्यांना मलाच सांगावं लागलं असतं.

पण माझी शिफारस त्यांच्या टेबलावर होती, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकंच मलाही.

आता जे सांगते ते मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी नागपूरकडचे एक वयस्कर गृहस्थ आले. धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. त्यांची मुलगी दिल्लीत सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिकडे नागपुरात तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तिची बदली नागपूरला व्हावी, एवढंच मागणं. साहेबांनी चहा दिला, पाऊसपाणी विचारलं आणि कार्ड लिहिलं. माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. कोपरा दुमडलेला होता.

मी बाहेर येऊन टेबलाशी बसले. शब्दकोश समोर होता. ते गृहस्थ बाकावर बसून म्हणाले, "ताई, साहेब लई भले माणूस आहेत हो."

मी "हो" म्हणाले. कार्ड तसंच लिफाफ्यात घातलं, नाव टाइप केलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. उभं राहून, नाव त्यांच्याकडे वळवून. शास्त्रात काहीही कमी नव्हतं.

त्यांनी मला आशीर्वाद दिला.

त्या आठवड्यात तसे आणखी तीन लिफाफे मी दिले. पेढे बंद झाले. साहेब खुशीत दिसू लागले. एकदा तर "बाई, तुमचं काम अगदी चोख" असंही म्हणाले. मी घरी पुन्हा सगळ्यांवर खेकसू लागले. आजोबांच्या बदलीचा कागद आला, तारीख पडली. तुमची आई नवीन वह्यांना कव्हरं घालायची थांबली.

मी साहेबांकडे गेले आणि सरळ विचारलं, "सर, माझ्या कायमपणाचं काय?"

"अहो, तुमचं नाही करणार तर कुणाचं?" साहेब मोकळेपणाने हसले. "फाइल पाठवली तर फिरत बसेल. मी कार्ड देतो. तुम्ही स्वतः मंत्रालयात जाऊन प्रशासनाच्या उपसचिवांना द्या. हातोहात होईल."

त्यांनी खणातून कार्ड काढलं. मागे लिहिलं. मला उद्देशून ते काहीतरी बोलत होते, माझी निष्ठा, माझं इंग्रजी, असं काहीबाही, आणि टेबलाच्या कडेखाली आवाज आला. चट्.

त्यांना वाटलं असेल, मी ऐकलं नाही. किंवा ऐकलं तरी काय करणार?

मी कार्ड घेऊन बाहेर आले. मागच्या बाजूला तीच ओळ होती, जी सगळ्यांच्या कार्डावर असायची. फक्त 'गृहस्थ'च्या जागी 'बाई'. मी शब्दकोश उघडला, आणि मिटला. कोपरा सरळ करणं दहा मिनिटांचं काम होतं. पण मी त्या नागपूरच्या गृहस्थांसाठी तो केला नव्हता. त्यांच्यासाठी जे केलं नाही ते चोरून स्वतःसाठी करायचं, हे मला जमेना. आणि खरं सांगायचं तर मला रागही फार आला होता. दुसऱ्यांवरचं चट् मी आठवडाभर गिळलं होतं. स्वतःवरचं गिळायला मला एक मिनिटही जमलं नाही. हे काही भूषण नाही, पण असं झालं.

बारा वाजता परदेशी पाहुणे येणार होते. तीन जण आले. साहेब, दोन कनिष्ठ अधिकारी आणि तो कार्डं वाचणारा सेक्शन ऑफिसर, सगळे उभे. कार्डांची देवाणघेवाण सुरू झाली. प्रत्येक जण हातात आलेलं कार्ड तीन सेकंद वाचत होता. खोलीत लग्नात अंतरपाट सरकायच्या क्षणी असते तशी शांतता होती. मी कोऱ्या कार्डांच्या डबीतून एक नवं कार्ड काढलं, जुनं हातात घेतलं, दारावर टकटक केलं आणि आत गेले.

"माफ करा, सर," मी इंग्रजीत म्हणाले, पाहुण्यांनाही कळावं म्हणून. "आपण मला उपसचिवांसाठी दिलेल्या कार्डाचा कोपरा दुमडला गेला आहे. आपलं कार्ड अशा अवस्थेत नेणं मला योग्य वाटत नाही. कृपया नवीन लिहून द्यावं." आणि मी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली, शेजारी शेजारी. पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

साहेबांनी दुमडलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. कनिष्ठ अधिकाऱ्यांनीही पाहिलं. त्यांनाही ते शास्त्र येत असणार, कारण एकाने लगेच छताकडे नजर लावली.

पाहुण्यांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ हसले. "तुमच्या सेक्रेटरी फार काटेकोर आहेत," ते साहेबांना म्हणाले. "कसली शिफारस आहे ही?"

साहेबांना उत्तर देणं भाग होतं. "यांना... नोकरीत कायम करण्याची."

"मग जरा भक्कम लिहा की!" पाहुणे म्हणाले. "अशी माणसं मिळत नाहीत."

साहेब लिहायला बसले. सहा माणसं पाहत होती. एक ओळ लिहून पेन थांबलं, मग दुसरी ओळ लिहिली गेली, मग तिसरी. खाली आद्याक्षरं नाहीत, पूर्ण सही. अंगठा कागदाजवळ गेला, तसा मी हात पुढे केला.

साहेबांना उठून उभं राहावं लागलं. पाहुणे उभे होते आणि शास्त्र त्यांचंच होतं. त्यांनी नाव माझ्याकडे वळवून कार्ड माझ्या हातात दिलं. माझ्या आयुष्यात मला कुणी रीतसर दिलेलं ते पहिलं कार्ड. मी ते तीन सेकंद वाचलं. एका सेकंदात वाचून झालं होतं, म्हणून परत वाचलं.

"थँक्यू, सर," म्हणाले, आणि टेबलावरचं दुमडलेलं कार्डही उचलून घेतलं. "हे मी फाडून टाकते."

फाडलं नाही.

त्याच दुपारी मी मंत्रालयात गेले. उपसचिवांनी कार्ड उलटसुलट केलं, चारही कोपरे पाहिले आणि मला बसायला सांगितलं. माझ्या कायमपणाचा आदेश आजोबांच्या गाडीच्या दोन दिवस आधी आला. आजोबा गुवाहाटीला एकटे गेले. घर माझ्या नावावर झालं. तुमची आई त्याच शाळेतून बोर्डाच्या परीक्षेला बसली, आणि तिच्या वह्यांना कव्हरं घातली गेली.

कायम झाल्यावर मी पुन्हा शब्दकोश वापरायला लागले, आता समजून उमजून. कायम माणसाला काढणं फार कठीण असतं. साहेबांनी थोडे दिवस पाहिलं आणि मग कोपरे दुमडणं सोडून दिलं. कार्ड सरळ द्यायचे, आणि माणूस जिना उतरत असतानाच पुढच्या अधिकाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगायचे. प्रगती कुणाला चुकत नाही.

नागपूरच्या गृहस्थांचं नाव आणि पत्ता भेटीच्या नोंदवहीत होता. मी त्यांना पत्र लिहिलं, पुन्हा या म्हणून. उत्तर आलं नाही. त्यांच्या मुलीचं काय झालं, मला ठाऊक नाही.

तर धाकट्या, कार्ड छाप किंवा फोन टेकव, मला सारखंच आहे. ज्याचं काम करायचं नाही, त्याला चहाच्या आधी तसं सांग.

साहेबांची छत्री कुठे गेली माहीत नाही. ते कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेलं, तिथली हिरवळ आता गाड्या लावायला आहे. शब्दकोश माझ्याकडे आहे, त्याची पाठ सुटली आहे. आणि तिसऱ्या खणात, डाव्या बाजूला, टिनच्या डब्यात ते दुमडलेलं कार्ड आहे. त्याचा कोपरा मी अजून सरळ केलेला नाही.